शेजारणीची अंघोळ आणि गच्चीवरचा व्हॉल्व्ह

माझ्या आणि शेजारणीच्या बाथरूममध्ये एकच भिंत आहे, आणि त्या भिंतीतून मला रोज सकाळी तिची अंघोळ ऐकू यायची.

कशी? तर धो-धो. डोंगरावरून पाणी कोसळावं तशी. आणि त्याच वेळी, त्याच पाचव्या मजल्यावर, त्याच गच्चीच्या खाली, माझ्या शॉवरमधून जे काही यायचं त्याला पाणी म्हणणं हा निव्वळ भिडस्तपणा झाला असता. वर कुणीतरी कारकून बसलाय आणि एकेक थेंब तपासून, सही करून खाली सोडतोय, असं वाटायचं.

आता यावर कुणी म्हणेल, त्यात एवढं काय, बादली भरावी आणि अंघोळ करावी. त्यांना आठ महिन्यांचं मूल नसणार. आमची चिमणी सकाळचं दूध पिऊन झोपते ती अठरा मिनिटं. सतरा नाही, एकोणीस नाही. या अठरा मिनिटांपैकी चौदा बादली भरण्यात जायची. उरलेल्या चारात माणसाचं अर्धं डोकं धुऊन होतं. उजवी बाजू आज, डावी उद्या. गेले आठ महिने मी हप्त्याहप्त्याने स्वच्छ होत होते. चिमणी कुशीत शिरून माझ्या मानेला नाक घासायची तेव्हा मला वाटायचं, हिला आपली आई म्हणजे आंबट दुधाचा वास एवढंच माहीत आहे. एकदा, फक्त एकदा, हिला धुतलेल्या आईची ओळख करून द्यावी.

मला हिरे नको होते. मला सलग दहा मिनिटं डोक्यावरून पडणारं पाणी हवं होतं. जे शेजारणीला रोज मिळत होतं.

"मला तर पुरतं पाणी," नवरा म्हणाला. याला एका तांब्यात अंघोळ करून वर दाढीही करता येते, त्यामुळे त्याचं मत मी धरलं नाही.

सासूबाईंनी मात्र वर्मावर बोट ठेवलं. "शेजारची बघ कशी टवटवीत असते गं सकाळी. ऑफिसला निघते तर केस ओले, मोकळे, नुसते चमकत असतात. नोकरी करून जमतं हो एकेकीला."

मी दुसऱ्या दिवशी भिंतीला कान लावला. आणि मग एक भयंकर गोष्ट माझ्या लक्षात आली. मी वैतागून माझा नळ बंद केला की भिंतीपलीकडचा आवाज वाढायचा! मी नळ उघडला की जरा कमी. पुन्हा बंद केला, पुन्हा जोरात. म्हणजे ही बाई माझ्या नळावर पाळत ठेवून होती. मी हार मानली की ती माझ्या वाटचं पाणीही अंगावर घेत होती. आठवडाभर मी रोज हा प्रयोग केला. एक कान कायमचा गार पडला, पण पुरावा पक्का झाला.

बातमी इमारतीत फुटायला वेळ लागला नाही, कारण ती मीच फोडली. मग सल्ले सुरू झाले. तिसऱ्या मजल्यावरच्या काकू म्हणाल्या, शॉवर काढून रात्रभर व्हिनेगरमध्ये बुडवून ठेव. ठेवला. दोन दिवस माझ्या अर्ध्या डोक्याला काकडीच्या सॅलडचा वास येत होता. तळमजल्यावर एक निवृत्त इंजिनिअर राहतात. ते कसले इंजिनिअर होते हे कुणालाच ठाऊक नाही, कारण विचारायची हिंमत होत नाही. उत्तराला तास लागतो. प्रत्येक वाक्य 'खरं तर'ने सुरू करतात म्हणून अख्खी इमारत त्यांना खरंतर-काका म्हणते.

"खरं तर," ते म्हणाले, "पाणी हे आळशी असतं. सोपी वाट मिळाली की तिकडे पळतं. तुमच्या वाट्याचं पाणी कुठेतरी सोप्या वाटेने चाललंय."

"शेजारी," मी म्हटलं.

"खरं तर मी नाव घेतलेलं नाही," काका म्हणाले आणि शेजारणीच्या खिडकीकडे बघितलं.

तेव्हा प्लंबरला बोलावलं. आमचा प्लंबर आल्याआल्या आधीच्या प्लंबरला शिव्या घालतो.

"हे कुणी केलंय काम? काही अक्कल?"

"तुम्हीच केलंय."

"तेव्हा बरोबर होतं," तो म्हणाला आणि मला गच्चीवर घेऊन गेला. चिमणी माझ्या कडेवर. तिथे टाकीशेजारी पंप, आणि पंपाच्या डोक्यावर पितळेचा एक गुबगुबीत व्हॉल्व्ह, त्याच्या टाळूवर स्क्रू.

"हा पंप मुळात आगीसाठी बसवलाय, ताई. खाली अंगणात लाल पेटीत दोन नळ्या आहेत ना, त्यांच्यासाठी. पण टाकीच्या लगेच खाली म्हणून तुम्हा वरच्या दोन घरांच्या पाण्याला दाब मिळेना, म्हणून नंतर तुमचे नळ यावर जोडले. सकाळी सात ते दहा चालू. आणि हा रिलीफ व्हॉल्व्ह. पंपाचा दाब फार वाढला की हा आपोआप उघडतो आणि जास्तीचं पाणी सोडून देतो. नाहीतर पाइप फुटेल."

"सोडून देतो म्हणजे कुठे?"

"जातं की तिकडे," प्लंबर म्हणाला आणि हात हलवला. तो हात, देवाशपथ सांगते, शेजारणीच्या घराच्या दिशेने हलला.

"आणि हा स्क्रू?"

"फिरवला की दाब कमीजास्त."

"मग फिरवा ना!"

"नाही हो. आगीची वस्तू. कमिटीचं पत्र आणा."

मी त्याच दुपारी चेअरमनकडे तीन पानी अर्ज दिला. चिमणी मांडीवर असल्यामुळे दुसऱ्या पानावर तिचीही सही होती, लाळेची. चेअरमननी चष्मा लावून अर्ज दोनदा वाचला.

"वहिनी, यात 'शेजारीण' हा शब्द अकरा वेळा आलाय आणि 'व्हॉल्व्ह' एकदा."

"बरं मग?"

"कमिटी व्हॉल्व्हबद्दल निर्णय घेऊ शकते. शेजारणीबद्दल नाही." त्यांनी अर्ज फाइलमध्ये ठेवला. फाइलमध्ये वरच आणखी एक अर्ज होता, तो त्यांनी घाईघाईने उलटा केला. "शिवाय आगीचा पंप म्हटल्यावर अग्निशमन दलाच्या साहेबांना विचारल्याशिवाय हात लावता येत नाही. पुढच्या रविवारी ते येणारच आहेत, नळ्यांचं प्रात्यक्षिक आहे. तेव्हा विषय काढू."

पुढचा रविवार म्हणजे दहा दिवस. दहा दिवस म्हणजे पाच डोकी.

मी साधी, सरळ, घरातली फ्यूज गेली तरी शेजाऱ्यांना विचारून बदलणारी बाई आहे. पण हेवा माणसाला कुठल्या थराला नेईल सांगता येत नाही. मला त्याने गच्चीवर नेलं. बादलीत वरती चिमणीचे लंगोट, खाली नवऱ्याचा पाना. कडेवर साक्षीदार, पण तिला अजून बोलता येत नव्हतं. आता स्क्रू फिरवायचा कुठल्या बाजूला? मी शांतपणे विचार केला. नळ उघडायचा तर आपण डावीकडे फिरवतो. मला पाणी उघडायचं होतं. म्हणून डावीकडे दोन फेरे दिले आणि उगाच चार लंगोट वाळत घालून खाली आले.

दुसऱ्या दिवशी सकाळी नळ सोडला. पाणी नव्हतंच. म्हणजे होतं, पण नळाच्या तोंडाशी येऊन मला बघून परत जात होतं. आणि भिंतीत? भिंतीत धरण फुटलं होतं!

"आज शेजारी पाहुणे आलेत का गं?" सासूबाईंनी बाहेरून विचारलं. "फार पाणी चाललंय."

मी बादलीवर बसून राहिले. माझ्या हाताने, माझ्या नवऱ्याच्या पान्याने, माझं उरलंसुरलं पाणी मी तिच्या डोक्यावर सोडलं होतं.

त्याच दिवशी ती लिफ्टमध्ये भेटली. केस ओले. खांद्यावर ऑफिसची पर्स. तिने मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाली, "तुमचं बरं आहे हो."

बस. एवढंच. लिफ्ट खाली पोचली, ती निघून गेली. ते चार शब्द मी घरी आणले आणि दिवसभर त्यांची चिरफाड केली. 'तुमचं' म्हणजे कुणाचं? 'बरं' म्हणजे काय बरं? आणि तो 'हो' कशासाठी? संध्याकाळी नवऱ्याला विचारलं, तर म्हणाला, "अगं, सहज म्हणाली असेल." पुरुषांना 'सहज' या शब्दाचा फार आधार असतो.

तरी मी आठवडा काढला. पण प्रात्यक्षिकाच्या आदल्या दिवशी, शनिवारी दुपारी, माझा धीर सुटला. साहेब येणार, बघणार, पत्र लिहिणार, पत्राला उत्तर येणार. तोवर चिमणी शाळेत जाईल. पुन्हा लंगोट, पुन्हा पाना. जिन्यात शेजारीण वरून उतरताना दिसली. शनिवारची सुट्टी असणार. हातात जाडजूड घडी घातलेला टॉवेल.

"कपडे उडालेत का बघायला गेले होते," ती न विचारता म्हणाली. "वारा फार सुटलाय."

"हो ना. मीपण त्यासाठीच," मी म्हटलं.

झाडाचं पानही हलत नव्हतं. पण मला वर जायची इतकी घाई, की हे मला नंतर सुचलं. या खेपेला मी स्क्रू उजवीकडे फिरवला. तो आधीच बराच घट्ट वाटला. मी दोन्ही हात लावून, दात आवळून, अगदी शेवटपर्यंत फिरवला. आता बघू कशी सोडतोस पाणी तिकडे, असं त्या व्हॉल्व्हला तोंडावर सांगितलं.

रविवारी प्रात्यक्षिकामुळे सकाळचा पंप बंद होता, त्यामुळे माझ्या पराक्रमाचा निकाल घरी लागायचा राहिला. तो अंगणात, चाळीस माणसांसमोर लागला.

अग्निशमनचे साहेब किडकिडीत आणि इतके हळू बोलणारे, की वाचनालयातून आलेत असं वाटावं. त्यांनी दोन्ही नळ्या जमिनीवर पसरल्या आणि समजावलं, "एकाच पंपावर या दोन नळ्या आहेत. दोघंजण पाणी मारतायत. समजा एकाने आपली नळी एकदम बंद केली. मग त्याचं सगळं पाणी दुसऱ्याच्या नळीत घुसतं आणि त्याला ती आवरत नाही. तसं होऊ नये म्हणून वर रिलीफ व्हॉल्व्ह आहे. तो जास्तीचा दाब सोडून देतो. एकाने हात आखडला म्हणून दुसऱ्याचा तोल जायला नको, एवढंच त्याचं काम."

हे ऐकताना मी हळूच एकदा गच्चीकडे बघितलं. पण खरी गंमत पुढेच होती.

"आग लागते तेव्हा घरात बायकाच जास्त असतात," साहेब म्हणाले. "दोघी पुढे या बघू."

चेअरमन लगेच म्हणाले, "पाचव्या मजल्यावरच्या या दोघी. दोघींनाही पाण्याच्या दाबात विशेष रस आहे."

'दोघींनाही' का, हे विचारायला वेळ नव्हता. झोपाळलेली चिमणी नवऱ्याच्या खांद्यावर दिली. सांगावं का साहेबांना? मी तोंडही उघडलं. पण समोर चाळीस माणसं, त्यात सासूबाई, त्यात तिसऱ्या मजल्यावरच्या काकू. मी तोंड मिटलं. शेजारणीकडे बघितलं तर तीही तोंड उघडून मिटत होती. मला वाटलं, घाबरली. जरा बरं वाटलं.

पंप सुरू झाला. नळ्या फुगल्या, फवारे उडाले. आणि खोटं कशाला सांगू, त्या क्षणीही माझ्या डोक्यात दुसरा विचार नव्हता: तिचा फवारा दुसऱ्या मजल्यापर्यंत जात होता, माझा पहिल्यापर्यंतच! इथेही! अंगणातसुद्धा!

"खरं तर काही होणार नाही," खरंतर-काका माझ्यासमोर येऊन म्हणाले. "नुसतं घट्ट धरा."

"ताई, आता तुम्ही बंद करा," साहेब शेजारणीला म्हणाले.

तिने नळीच्या तोंडाची दांडी ओढली. तिचं सगळं पाणी माझ्याकडे आलं. आठ महिने जे मागत होते ते सगळं, एका क्षणात, एकदम.

नळीने आधी काकांना बसवलं. मग चेअरमनच्या हातातली फाइल घेतली. माझा अर्ज दुसऱ्या मजल्याच्या खिडकीला जाऊन चिकटला. मग ती काकूंकडे वळली. मी ओरडत होते, पण नळी सोडत नव्हते, म्हणून नळी मला घेऊन अंगणभर हिंडत होती. सासूबाई लांबून सूचना देत होत्या: "अगं, सोड! अगं, सोडू नकोस!" आणि सगळे पळत असताना एकच बाई माझ्याकडे धावत आली. शेजारीण. ती सरळ नळीवर बसली. मी तिच्यावर पडले. दोघींच्या वजनाखाली नळी वळवळत राहिली, तोवर साहेबांनी शांतपणे जाऊन लाल पेटीतलं पंपाचं बटण बंद केलं.

चिमणी? बापाच्या खांद्यावर गाढ झोपलेली. एवढ्या कल्लोळात, तब्बल पंचवीस मिनिटं. माझ्या अंघोळीला अठरा आणि याच्या खांद्यावर पंचवीस!

साहेब प्लंबरला घेऊन गच्चीवर गेले आणि खाली आले. "व्हॉल्व्हचा स्क्रू शेवटपर्यंत आवळलाय. कुणी?"

प्लंबर म्हणाला, "मी नाही." मग सगळ्यांच्या नजरा त्याच्यावरच वळल्या, आणि मला ते बघवेना.

"मी," मी म्हटलं.

"मी," शेजारीण म्हणाली. अगदी एकाच वेळी.

आम्ही एकमेकींकडे बघितलं.

"तुम्ही कशाला?" मी विचारलं.

"तुमच्या अंघोळीपायी! बाळ झाल्यापासून रोज सकाळी अर्धा अर्धा तास शॉवर सोडून उभ्या असता. भिंतीतून ऐकते मी. मी नळ बंद केला की आणखी जोरात सोडता! मला थेंब येत नाही इकडे. अर्जसुद्धा दिला मी."

"अर्धा तास? अहो, मी अर्धं डोकं धुते! धो-धो तर तुमच्याकडून येतं!"

"माझ्याकडून? मी आदल्या संध्याकाळी पिंप भरून ठेवते आणि मग्याने अंघोळ करते!"

साहेबांनी एकदा तिच्याकडे, एकदा माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "पाचव्या मजल्यावर चला."

दोन बाथरूमच्या मधे पाइपांसाठी अरुंद पोकळी आहे. तिला जिन्यातून एक छोटं दार आहे, जे आजवर आम्ही कुणी उघडलं नव्हतं. साहेबांनी उघडलं. आत वरून खाली गेलेला एक जाड पाइप. गच्चीवरचा व्हॉल्व्ह जे पाणी सोडून देत होता, ते या पाइपातून पाच मजले उतरून तळाच्या टाकीत पडत होतं. व्हॉल्व्हची स्प्रिंग मुळात सैल लावलेली, म्हणून पाणी आमच्या नळांना येण्याऐवजी इकडेच पळायचं. आम्ही नळ बंद केला की आणखी.

"पण गच्चीची टाकी पंपापासून दोन हातांवर आहे," साहेब म्हणाले. "हे पाणी तिच्यातच परत का नाही सोडलं?"

चेअरमननी घसा साफ केला. "टाकीला भोक पाडलं तर तिची गॅरंटी जाते. तसा ठराव आहे कमिटीचा."

"खरं तर ती माझी सूचना होती," ओलेचिंब काका जिन्यातून म्हणाले, पण नेहमीपेक्षा हळू.

म्हणजे अकरा वर्षं रोज सकाळी पाणी पाच मजले चढत होतं, चढून झालं की उतरत होतं, आणि पुन्हा चढत होतं. साहेबांनी दार लावलं. "तर मग या इमारतीत सगळ्यात जास्त अंघोळ हा पाइप करतो," ते म्हणाले आणि सही करून निघून गेले.

जाण्याआधी त्यांनी लेखी हुकूम ठेवला: आगीच्या पंपावर अंघोळी बंद, दोन घरांना वेगळा छोटा पंप, व्हॉल्व्हचं पाणी गच्चीच्या टाकीत, स्क्रूला सील. टाकीला भोक पाडायचा ठराव करायला कमिटीला तीन बैठका लागल्या. पाडायला प्लंबरला चार मिनिटं. तोवर मी आणि शेजारीण एकाच पिंपातून पाणी घ्यायला लागलो होतो, आणि 'तुम्ही' कधी गळून पडलं ते दोघींनाही कळलं नाही.

नवा पंप सुरू झाला त्या सकाळी मी शॉवर सोडून नुसती त्याखाली हात धरून उभी राहिले. पाणी हाताला टोचत होतं! आणि बाहेर चिमणीने भोकाड पसरलं. तिला नेमका त्याच आठवड्यात दात येत होता आणि सकाळची झोप तिने कायमची मोडीत काढली होती. सासूबाईंकडे राहीना. नवरा केव्हाच कामाला गेलेला.

शेजारीण दारात आली. "आण तिला इकडे. माझी बस साडेनऊला आहे. जा तू, दहा मिनिटं सावकाश अंघोळ कर. ही राहते माझ्याकडे."

मी गेले. पाणी डोक्यावर पडलं, सगळ्या डोक्यावर, एकदम. मला रडू आलं की काय ते त्या पाण्यात कळायला मार्ग नव्हता. भिंत आता गप्प होती. आतला पाइप कोरडा, धो-धो नव्हतं, काही नव्हतं. इतकी शांत, की पलीकडे सुई पडली तरी ऐकू यावं.

आणि पलीकडून चिमणी हसली.

नेहमीचं हसणं नव्हे ते. पोटातून आलेलं, उचकी लागेपर्यंतचं, श्वास घेऊन पुन्हा सुरू होणारं. मी इतके महिने तोंडं वाकडी केली, गाणी म्हटली, डोक्यावर वाटी ठेवून नाचले. असं ती माझ्याकडे कधीच हसली नव्हती.

मी नळ बंद केला. तिसरं मिनिट असेल. गाऊन चढवला, केसांत शॅम्पू तसाच, आणि शेजारचं दार वाजवलं.

"झालं इतक्यात?" शेजारणीने विचारलं. चिमणी तिच्या कडेवर, गाल लाल, डोळ्यांत हसून हसून पाणी.

"काय केलंस तिला?"

"कुठे काय? मी नुसती शिंकले."

मी शिंकले. अगदी मनापासून, दोनदा. चिमणीने माझ्या फेसाकडे, माझ्या नाकाकडे, मग पुन्हा फेसाकडे गंभीरपणे बघितलं आणि शेजारणीच्या खांद्यात तोंड लपवलं.

फेस कपाळावरून डोळ्यांत उतरत होता. मी तो मनगटाने पुसला आणि दारातच भिंतीला टेकून उभी राहिले.

"तूच शिंक गं पुन्हा," मी म्हटलं. "मला बघू दे."